जावयाची मच्छरदाणी

लहानपणी मला किती वेळा हिवताप आला असेल, असं मायला विचारलं की ती हसायची. "मोजत बसली असती मी, त धान कोनं लावलं असतं?"

आमचं गाव गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यात, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून. पावसाळा सरत आला, धान निसवून लोंब्या दिसायला लागल्या की घरोघरी कोणीतरी गोधडी ओढून पडलेलं असायचं. दुपारी दात वाजायचे, संध्याकाळी घाम फुटायचा, आणि चार-दोन दिवसांत तेच पोर गावाशेजारच्या बोडीत, म्हणजे आमच्या लहानशा तळ्यात, डुंबताना दिसायचं. आम्ही पोरं त्यातही भाव खायचो. ताप आला की शाळा नाही, शिवाय मायच्या हातचा गुळाचा चहा. आठवी-नववीत गेल्यावर तो ताप माझ्याकडे फिरकेनासा झाला. आलाच तर अंग थोडं मोडून यायचं, की संपलं. माय शेजारणींना कौतुकानं सांगायची, "वैशूच्या अंगात मुरला आता थो."

मग मी शिकायला नागपूरला गेले, तिथंच एका शाळेत चौथीच्या वर्गावर लागले, तिथल्याच मुलाशी लग्न झालं. माहेरी जाणं म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीतले थोडे दिवस आणि भाऊबीज.

हे मी लिहितेय ते माझ्यासारख्या लेकींसाठी. ज्या जंगलाकडच्या गावात वाढल्या, शहरात नांदल्या आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाल्यात, त्यांच्यासाठी. रडगाणं गायचं नाही असं ठरवून लिहायला बसले होते, पण ते जमेलसं दिसत नाही. त्या आजारातून मी वाचले. माझी मुलगी वाचली नाही.

तुमच्या रक्ताले सवय नाई

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कोणी कोणाला विचारत नाही. सासूबाईंनी हौसेनं डोहाळजेवण केलं, आणि पोळा झाल्यावर माझे यजमान प्रशांत मला घेऊन गावी आले. दोन-चार दिवस राहिले. वडील गेल्यापासून घरात माय आणि माझा धाकटा भाऊ राजेश, दोघंच. जावई आले म्हणून मायच्या पायाला भिंगरी लागली होती.

सरकारकडून घरात औषध लावलेल्या दोन मच्छरदाण्या आल्या होत्या. एक राजेशनं बोडीतले बारके मासे धरायला नेली आणि तिच्या चिंध्या करून आणल्या. गावातल्या निम्म्या मच्छरदाण्यांचं तेच झालं होतं, त्यात त्याला काही वावगं वाटलं नव्हतं. दुसरी कोरी, पेटीत. मायनं ती काढली आणि प्रशांतच्या खाटेला बांधली.

प्रशांत म्हणाले, "वैशालीला द्या ना ती. मला चालेल असंच."

"नाई जी. तुमी शहरातले मानसं, तुमच्या रक्ताले सवय नाई. वैशूले काय होते? थे त इथलीच आये."

मीही वर तोंड करून चिडवलं, "झोपा हो निवांत. इथले डास पाहुणा बघूनच चावतात."

खरं सांगते, मायचं ते बोलणं ऐकून मला फार बरं वाटलं होतं. नागपुरात इतकी वर्षं काढूनही शेजारणी मला "तिकडची, जंगलातली" म्हणतात. आणि गावी गेले की "शहरातली बाई" म्हणून खुर्ची पुढे करतात. मायनं मला इथलीच म्हटलं, मी उघड्यावर झोपले, आणि मला ते लाडाचं वाटलं.

प्रशांत नागपूरला परतले त्या सकाळी मायनं मच्छरदाणी सोडली, झटकली, नीट घडी घालून पुन्हा पेटीत ठेवली. "बारशाले येतीन जवाईबापू, तवा लागन." मी शेजारी बसून शेंगा फोडत होते. आमच्या दोघींच्याही मनात दुसरं काही आलं नाही.

थकवा

सुरुवात अगदी साधी झाली. अंगात कणकण, तोंडाला चव नाही, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. ताप यायचा, पण लहानपणीसारखा हुडहुडी भरून नव्हे, नुसता कोमट. माय म्हणाली, पोटुशी बाईला असं होतंच. तिनं गुळवेलीचा काढा उकळला. तो इतका कडू होता की बाळानंही आतून तोंड वाकडं केलं असेल, असं मी म्हटलं आणि आम्ही दोघी हसलो.

गावच्या आशाताई आरोग्य केंद्राकडून घरोघरी फिरून तापाची चौकशी करत होत्या. त्या दारात येऊन म्हणाल्या, "काकू, वैशूताईचं रक्त पाहून घेऊ का? पोटुशी आये म्हून."

"कायले टोचून राहिली तिले?" माय म्हणाली. "आमच्या घरची पोरगी थे. हिवतापानं काई होत नाई तिले. प्रवासानं थकली."

आशाताईंनी पुन्हा येते म्हणून सांगितलं. मी आत आडवी पडून ऐकत होते आणि मायचं म्हणणं मला अगदी पटलेलं होतं.

त्यानंतर माझा चेहरा पांढरा पडत गेला. न्हाणीपर्यंत जाऊन आले तरी धाप लागायची. बाळ दुपारच्या जेवणानंतर हमखास लाथा मारायचं, मी त्याला "जेवणाची घंटा" म्हणायचे. ती घंटा मंद झाली. मी मायला सांगितलं तेव्हा तिनं माझ्या पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. "झोपलं असन," म्हणाली, पण आवाज नेहमीचा नव्हता.

आणि मग एका दुपारी तो जुना, ओळखीचा ताप आला. दात वाजायला लागले, तीन पांघरुणं घातली तरी थंडी जाईना. राजेशनं शेजाऱ्यांची गाडी मागून आणली. त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान सुरेख उभं होतं. माझं डोकं मायच्या मांडीवर होतं आणि ती सारखं विचारत होती, "हालते का वं? हालते का?"

हिवतापच ना?

गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात पोचल्यावर नर्सनं पोटावर यंत्र लावलं. "दीदी, हाथ सीधा रखो, हिलो मत." आणि ठोके ऐकू आले. भराभर, थोडे दमल्यासारखे, पण होते. मायनं तिथंच हात जोडले.

रक्त तपासायला नेलं. आम्ही तिघं बाकावर बसून वाट पाहत होतो. प्रत्येकाच्या मनात कुठला ना कुठला मोठा आजार घोळत होता. डॉक्टर मॅडम आल्या. नागपूरकडच्या असाव्यात, मराठीत बोलल्या. "मलेरिया आहे. त्यातला वाईट प्रकार."

आम्ही तिघांनी सुटकेचा श्वास सोडला. मी हे विसरूच शकत नाही. माय चक्क हसली. "हिवतापच ना? मले वाटलं, काई मोठं निघते." राजेशनं बाहेर जाऊन प्रशांतना फोन लावला, "भाऊजी, टेन्शन नोका घेऊ. हिवताप आये फक्त." आणि मी, शिकलेली मास्तरीण, मॅडमना विचारलं, "मग गोळ्या घेऊन घरी जाऊ का?"

मॅडम हसल्या नाहीत. "तुम्ही कुठेही जायचं नाही. रक्त फार कमी झालंय. आणि बाळ त्याच्या महिन्याच्या मानानं खूप लहान आहे. मला त्याची काळजी वाटते."

इतरांच्या निदानाच्या दिवसाच्या आठवणी मी वाचल्या आहेत. आजाराचं नाव कानावर पडलं आणि पायाखालची जमीन सरकली, असं त्यांत असतं. आमच्या बाबतीत नाव ऐकून जमीन परत पायाखाली आली होती. ती सरकली मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहून.

वॉर्ड

सलाईन, इंजेक्शनं, रक्ताची पिशवी. वॉर्डात दिवस झाडूच्या आवाजानं सुरू व्हायचा, मग चहावाला, मग तपासणी, मग नातेवाइकांची बाहेर हकालपट्टी. माय बाहेरच्या व्हरांड्यात चटई टाकून असायची. आत यायला मिळालं की माझे पाय चेपायची. तिचे हात रोवणीच्या चिखलानं कायमचे खरखरीत झालेले आहेत, आणि त्या दिवसांत मला त्या हातांखेरीज कशानंच झोप लागली नाही.

रोज सकाळी नर्स ठोके ऐकवायची. "सुनो दीदी, बोल रहा है." मी दिवसभर त्या आवाजावर जगायचे. माझा ताप उतरला, भूक लागायला लागली. मी भाताबरोबर लोणचं मागितलं तेव्हा माय इतकी खूश झाली, की ते आणायला अनवाणीच बाजारात धावली. आम्हाला वाटलं, जिंकलो.

मग एका सकाळी नर्सनं यंत्र लावलं आणि ते फिरवतच राहिली. वर, खाली, डावीकडे. तिनं दुसरीला बोलावलं. दुसरीनं मॅडमना. मॅडमनी मोठं मशीन आणलं आणि पडदा माझ्याकडून वळवला, तेव्हाच मला कळलं. तरी मी विचारलं. त्यांनी माझा हात धरून सांगितलं, "नाहीये."

कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. गेलेलं बाळही जन्माला घालावंच लागतं. कळा तशाच येतात, जोर तसाच लावावा लागतो, आणि शेवटी खोलीत शांतता होते. मुलगी होती. नर्सनं हळूच विचारलं, "देखना है, दीदी?"

"नोको पाहू, पोरी," माय म्हणाली. "जीवाले लागन."

मी पाहिलं. माझ्या ओंजळीत मावेल इतकीशी. डोक्यावर भरपूर काळे केस, आणि नाक हुबेहूब प्रशांतचं. मी तिची बोटं उलगडून पाहिली, नखं आली होती. तुमच्यावर कधी अशी वेळ आली तर पाहायचं की नाही, हे तुम्हीच ठरवा, दुसऱ्या कोणाला ठरवू देऊ नका. मला पाहिल्याचा कधी पस्तावा झाला नाही. ती कशी होती, हे निदान मला माहीत आहे.

प्रशांत पहाटेच्या गाडीनं आले होते. ते आणि राजेश तिला गावी घेऊन गेले आणि आमच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधाजवळ, पुरून आले. मला जाता आलं नाही.

मग दूध आलं. मूल नाही हे शरीराला कोण सांगणार? मायनं छातीला घट्ट फडकं बांधलं. शेजारच्या खाटेवर बालाघाटकडची एक बाई होती, तिला नुकताच मुलगा झाला होता. तो रडला की माझा पदर भिजायचा. तिच्या ते लक्षात आलं असावं. ती मला काही बोलली नाही, फक्त सिस्टरला म्हणाली, "मेरी खाट उधर कोने में कर दो ना, इधर पंखे की हवा बहुत लगती है." उकाडा असा होता, की पंख्याखालची जागा मिळावी म्हणून वॉर्डात भांडणं होत. तिचं नावही मला ठाऊक नाही. ती जिथे असेल तिथे सुखी राहो.

कोणाचं चुकलं

सासूबाई आल्या. त्या वाईट नाहीत, पण त्यांची पहिली नात गेली होती. कसं झालं, असं त्यांनी विचारलं आणि मायनं भाबडेपणानं सगळं सांगून टाकलं. मच्छरदाणीसकट.

"जावयाला मच्छरदाणी, आणि पोटुशी लेक उघड्यावर?" सासूबाईंचा आवाज चढला. "विहीणबाई, तुम्हाला कळलं कसं नाही?"

वॉर्डातल्या सगळ्या बायका वळून पाहायला लागल्या. पदर तोंडाला लावून माय व्हरांड्यात निघून गेली. त्या वेळी माझं एक मन सासूबाईंच्या बाजूनं होतं. दुःखाला कोणीतरी धरायला लागतं, आणि माय सगळ्यात जवळ होती. ती पुन्हा आत आली तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. ती पाय चेपत राहिली, मी वळले नाही.

प्रशांतचं वेगळंच. ते खाटेच्या कडेला बसून एकच वाक्य म्हणत, "मी एकदा म्हटलं होतं, वैशालीला द्या म्हणून. दुसऱ्यांदा म्हणायला काय झालं होतं मला?" मी त्यांना गप्प करायचे. त्यांना समजवायची ताकद नव्हती माझ्यात.

अंगाचा विसर

घरी सोडायच्या आदल्या दिवशी मी मॅडमना विचारलं. माय पायथ्याशी बसली होती, तिलाही ऐकायचं होतं. "लहानपणी मला इतक्या वेळा हिवताप येऊन गेला. मग माझ्या अंगानं त्याला ओळखलं कसं नाही?"

मॅडम स्टूल ओढून बसल्या. त्या म्हणाल्या, "आपल्या रक्तात काही पेशी अशा असतात की आलेल्या जंतूची ओळख लक्षात ठेवतात. तोच जंतू पुन्हा आला की ताबडतोब त्याला बरोबर लागू पडेल असं औषध अंगातच तयार होतं. गोवर एकदा झाला की ही ओळख बहुधा जन्मभर पुरते. मलेरियाचं तसं नाही. एक तर तो सारखं रूप बदलतो, म्हणून लहानपणी पुन्हा पुन्हा येऊन हळूहळू ओळख पटते. आणि पटलेली ओळखही टिकवायला त्याची ये-जा लागते. तुम्ही कित्येक वर्षं नागपूरला होतात. अंगाला विसर पडला."

हे मला लगेच कळलं. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा माझ्या वर्गातली पोरं अशीच पाढे विसरून आलेली असतात. मार्चमध्ये घडाघडा म्हणणारं पोर जूनमध्ये बारा सातेला अडकतं.

"आणि दुसरं," मॅडम म्हणाल्या, "हे जास्त महत्त्वाचं आहे. गरोदरपणात हा जंतू वारेत, म्हणजे नाळेतून बाळाला पोसणाऱ्या गोळ्यात, जाऊन चिकटतो. तिथं तो वेगळंच रूप घेतो, वारेत राहता येईल असं. पहिलटकरणीच्या पोटात आधी कधी वारच नव्हती, त्यामुळे ते रूप तिच्या अंगानं कधी पाहिलेलंच नसतं. बाकीच्या अंगात ताप थोडा दिसतो, आणि आत बाळाचं पोषण अडतं. तुमचं नेमकं तेच झालं."

माय म्हणाली, "मॅडम, वैशू गावातच राहिली असती, नागपूरले गेली नसती, त वाचली असती का नात?"

मॅडम मायकडे वळल्या. "थोडा फरक पडला असता कदाचित. पण पहिल्या खेपेला गावातल्या बाईलाही हा धोका असतोच. पोटात बाळ असताना इथली-तिथली असं काही नसतं, काकू. मच्छरदाणी सगळ्यात आधी तिला."

मायनं मान हलवली. मग ती उठून माझं पांघरूण नीट करायला लागली, ते नीटच होतं तरी.

येऊ नोको

मला तिथून थेट नागपूरला नेलं. शाळेत रुजू झाले. मुलं होती म्हणून दिवस निघायचा. वर्गातली एक चिमुरडी डबा खाता खाता म्हणाली, "बाई, तुमचं बाळ कुठंय?" मी तिला पोळी संपव म्हणून दटावलं आणि फळ्याकडे तोंड करून उगीच तारीख पुसून पुन्हा लिहिली.

माय फोन करेनाशी झाली. मी केला तर राजेशकडे देऊन टाकायची. एकदा राजेशनं सांगितलं, "ताई, मायनं थे मच्छरदानी जाळली. आंगनात रॉकेल टाकून."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. तिला फोनवर यायलाच लावलं. "काऊन जाळली वं? त्या कापडानं काय घोडं मारलं होतं? आता तुम्ही दोघं कशात झोपता?" पलीकडून फक्त हुंदका आला. त्या दवाखान्यातल्या भिंतीपासून साचलेला माझा राग त्या एका हुंदक्यात विरून गेला. मीही रडले. दुसऱ्या दिवशी दोन नव्या मच्छरदाण्या घेऊन पाठवल्या, आणि राजेशला बजावलं की यातली बोडीवर दिसली तर मी येऊन तुलाच बोडीत टाकीन.

उसळलेलं दुःख हळूहळू निवायला लागलं आणि मला पुन्हा दिवस गेले. पहिला फोन मायला केला. ती म्हणाली, "इकडं येऊ नोको, पोरी. काई झालं तरी येऊ नोको."

माझ्या जन्मात मायनं मला येऊ नको म्हटलेलं ते पहिलं. तिचं बरोबर होतं हे डोक्याला कळत होतं, तरी फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात बसून लहान पोरीसारखी रडले. मूल गेलं तसं माझं माहेरही गेलं, असं वाटलं.

दुसऱ्या खेपेला

आधी जे कोणाच्या तरी कामाला येईल ते सांगून टाकते. माहेर जंगलाकडचं असेल तर जाऊ नका असं मी म्हणणार नाही. जा, पण "मी इथलीच आहे" हे डासाला सांगत बसू नका. मच्छरदाणीत झोपा, दुपारीसुद्धा. कणकण आली तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या, ताप कितीही कोमट असो. बाळाची हालचाल कमी वाटली तर कोणी "झोपलं असेल" म्हटलं तरी थांबू नका. आणि आशाताई दारात आल्या तर बोट पुढे करा.

धानाची कापणी आटोपली तशी मायच नागपूरला आली. इतके दिवस शेत सोडून ती कधी कुठे राहिली नव्हती. दोन खोल्यांच्या घरात ती अवघडून वावरते, सासूबाईंशी जपून बोलते. सासूबाईंनीही मागचं काही काढलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्या पानात स्वतः भात वाढला आणि "लाजू नका, विहीणबाई" म्हणाल्या.

परवा दुपारी आम्ही दोघी लाखोरीची कोवळी पालेभाजी निवडत बसलो होतो. ती तिनं गावाहून आणली होती. माझा सहावा संपत आलाय. मायनं माझ्या पोटाकडे न पाहता विचारलं, "या खेपेले कसं म्हनते डॉक्टर?"

मी सांगितलं. पहिल्या वेळी वारेतलं ते नवं रूप अंगानं पाहिलं, त्याच्याशी लढलं. हरलं, पण ओळख पटली. आता तो पुन्हा आलाच तर अंग त्याला लवकर ओळखेल, आणि दुसऱ्या बाळाला धोका कमी. "कमी म्हणजे नाहीच असं नाही," मी म्हणाले, "म्हणून इथंही मी मच्छरदाणीतच झोपते. आणि ही ओळखसुद्धा कायमची नसते."

मायचे हात थांबले. "म्हंजे थे शिकवून गेली तुया अंगाले?"

"हो."

"आनि हे जगन, थे तिच्यानं?"

"थोडंफार तिच्यामुळे. हो."

ती काडी न् काडी वेगळी करत राहिली. मग भाजीकडेच पाहत म्हणाली, "तुया आंधी एक पोरगा झाला होता मले."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. माझ्या आधी कोणी होतं, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. वडिलांनीही नाही.

"आठवा लागला होता. धानाच्याच दिवसात. ताप होता मले, पन तवा कोन पाहते? पैलं टिकत नाई कोनाकोनाचं, म्हनत होते बाया. मी बी तेच समजली. मंग तू झाली. चांगली भरली होती तू, सुईन म्हनाली, ढोलकी आये पोरगी." तिनं डोळे पुसले नाहीत, ते वाहू दिले. "मंग थ्यानं राखलं म्हनाचं तुले. इतके वर्स मी थ्याले एकडाव बी आठवलं नाई वं. कायले आलता न् कायले गेला, असंच म्हनत होती."

तो हिवतापानंच गेला की आणखी कशानं, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. त्या वेळी कोणी रक्त तपासलं नव्हतं. मी हे मायला सांगणार होते, मास्तरकीची सवय आहे मला. पण तिनं लाखोरीचं ताट बाजूला सारलं, हात पदराला पुसले आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आपणहून माझ्या पोटावर ठेवले. मी गप्प बसले.